पुनर्विकास आराखडा : रविवारच्या सभेबाबत सूचना

सर्व सभासदांस नमस्कार,

आर्किटेक्टसोबतची सभा येत्या रविवारी सकाळी १० वाजता आहे. या वेळी गच्चीवर नाही, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये. व्हीलचेअर वापरणाऱ्यांना आणि जिना चढू न शकणाऱ्यांनाही तिथे येता येईल.

आराखडा मंजूर झाल्यावर बदल करणे फार अवघड जाते. म्हणून आत्ताच पाहा :

• रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे १ सेंमी चढाला १२ सेंमी लांबी. प्रवेशद्वाराशी ४५ सेंमी चढ आहे, म्हणून किमान ५.४ मीटर लांबी लागते. आराखड्यातला ३ मीटरचा रॅम्प आपण मान्य करू नये. इतक्या उभ्या उतारावर व्हीलचेअर सावरणे धोक्याचे आहे.
• दारांची मोकळी रुंदी ९० सेंमी, बाथरूमचीसुद्धा. नेमकी तीच दारे अरुंद ठेवली जातात.
• लिफ्टमध्ये ब्रेल बटणे आणि मजल्याची घोषणा.
• फाटकापासून बसथांब्यापर्यंतचा फुटपाथ सलग हवा. महापालिकेला द्यायच्या अर्जावर सभेतच सह्या घेऊ.

घरातल्या दिव्यांग आणि वयस्कर व्यक्तींना जरूर आणा, त्यांचे म्हणणे त्यांनाच मांडू द्या. सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असल्यास गुरुवारपर्यंत मला कळवा.

– सचिव