पाचाला एक कमी, दहाला सहा: रस्ते खात्याच्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमच्या खात्याचं उत्तर सोमवारी पोस्टाने मिळालं. एक पान, दोन परिच्छेद, न वाचता येणारी सही आणि सहीखाली ‘करिता’. कळवलंय असं की, आमच्या फाट्यापासून मोरीपर्यंतचा रस्ता ‘ब्लॅक स्पॉटच्या निकषांत बसत नसल्याने सद्यःस्थितीत कार्यवाही प्रस्तावित नाही’.

ब्लॅक स्पॉट म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा. तिचे निकष मी शोधून वाचले. महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत जीव जाणारे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. आमच्याकडे अपघात चार, मृत्यू चार. म्हणजे पाचाला एक कमी, दहाला सहा कमी. काठावर नापास झालेली पोरं शाळेत पाहिली होती, काठावर नापास झालेला रस्ता पहिल्यांदाच पाहतोय. ग्रेस मार्कांची काही सोय असल्यास कळवावे.

त्या चौघांतला तिसरा माझा धाकटा भाऊ.

तुम्हाला आठवायचं कारण नाही, पण दहाव्याच्या आदल्या दिवशी तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसला होता. सोबत सात गाड्या होत्या, शेवटची गल्लीत वळेना म्हणून शेजाऱ्याचं कुंपण काढावं लागलं. आईचा हात हातात घेऊन म्हणालात, ‘महिन्याभरात तिथं दिवे लागतील, माझा शब्द आहे.’ मागे उभ्या असलेल्या एकाने वहीत लिहूनही घेतलं. निवडणुकीचे दिवस होते हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी आईने विश्वास ठेवला, म्हणून मीही ठेवला.

दिवा लागला नाही. खांब मात्र आला, सात महिन्यांपूर्वी. साईडपट्टीवर आडवा टाकून ठेकेदाराची माणसं गेली ती गेलीच. आता अंधारात चुकवायला दगडाबरोबर खांबही आहे. गेल्या पंधरवड्यात चौथा गेला, बारावीतला मुलगा, क्लासवरून येताना. त्याच्या घरी तुम्ही आला नाहीत. आता निवडणूक नाही.

दगडाचं सांगतो, कारण तुमच्या कुठल्याही कागदात तो सापडायचा नाही.

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस लोंबतोय, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली. मोरीच्या आधी चढ आहे. तिथं ट्रॉली पंक्चर झाली किंवा चढाला अडली की चालक मागच्या चाकांना दगड लावतो. काम झालं की ट्रॅक्टर सुरू करतो आणि निघतो. दगड तिथंच. खाली उतरून ते बाजूला करायला दुसरा माणूस लागतो, तो कुणी दिलेला नसतो. चालक एकटा, रात्रीची तिसरी खेप, डोळ्यांवर झोप, डोक्यावर आगाऊ घेतलेली उचल. त्याच्यावर माझा राग नाही. खरं म्हणजे आहे, पण त्याला पत्र लिहून उपयोग नाही.

भाऊ संध्याकाळी पावणेआठला कामावरून परत येत होता. समोरून गाडी आली, तिचा अप्पर दिवा डोळ्यांवर, आणि पुढच्या चाकाखाली दगड. तो दगड माझ्याकडे आहे. काट्यावर ठेवला, साडेनऊ किलो भरला. एका कडेला टायरचा काळा पट्टा उठलाय. पंचनाम्याच्या वेळी हा जप्त करा म्हणालो, तर हवालदार म्हणाला, ‘दगड काय जप्त करायचा, असले हजार पडलेत.’ त्याचं बरोबर होतं. हजार पडलेत.

आणि गुन्हा कुणावर दाखल झाला? भावावर. कागद माझ्यासमोर आहे, जसंच्या तसं लिहितो: ‘आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाला.’ गाडी अकरा वर्षांची. त्या चढाला ती चाळीसच्या पुढे जात नव्हती. क्लच प्लेटा बदलायच्या होत्या, या रविवारी करू, पुढच्या रविवारी करू असं आमचं चाललेलं. ती भरधाव.

रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून! साहेब, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करण्याचा गुन्हा नेमका कुणी केला, एवढं एक वाक्य तरी कुणीतरी नीट वाचावं.

माझा धंदा जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरण्याचा. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती घेऊन येतो आणि आल्या आल्या सांगतो, व्होल्टेज कमी होतं. आम्ही हो म्हणतो आणि उघडून बघतो. कधी बेअरिंग गेलेलं असतं, कधी एक फेज गेल्यावरही चालू राहिलेली असते, कधी आत पाणी. न उघडता प्रत्येकाच्या पावतीवर ‘व्होल्टेज’ लिहिलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं आणि महिन्याभरात तीच मोटार परत आली असती. तुमच्याकडे तेच चाललंय. केंद्राच्या अहवालात २०२२ सालचे १,६८,४९१ मृत्यू आहेत. तासाला एकोणीस. त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त ‘अतिवेग’ या एका रकान्यात. अतिवेग असतो, मी नाही म्हणत नाही. वेग दुप्पट झाला की धडक चौपट बसते हे मला कुणी शिकवायला नको, पण आमच्या फाट्यावरचे चारही मृत्यू त्याच रकान्यात गेलेत. पहिला तर सायकलवर होता आणि त्याला मागून उडवणारी गाडी सापडलेलीच नाही. न सापडलेल्या गाडीचा वेग कुणी मोजला?

दगडाला रकाना नाही. विझलेल्या दिव्याला नाही, ट्रॉलीच्या नसलेल्या नंबरप्लेटला नाही. राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्ग मिळून देशातल्या रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के भरतात आणि मृत्यूंतला वाटा छत्तीस टक्के. माणसं गावातून निघतात तेव्हा शहाणी असतात आणि महामार्गाला लागताच त्यांच्या अंगात येतं, असं तुमच्या खात्याचं मत असेल तर तसं लेखी द्यावं.

हेल्मेट? होतं. आरशाला अडकवलेलं. हे मी लपवणार नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, ती हे पत्र वाचणार नाही म्हणून इथे लिहितो. डॉक्टर म्हणाले, बाकी अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. २०२२ साली हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेले, तसाच भाऊ त्याच्या वर्षाच्या रकान्यात गेला असेल, आणि तो रकाना खोटा नाही. फाट्यावरच्या प्रत्येक पोराला मी आता पट्टा लाव म्हणून ओरडतो, लोक मला टाळतात. पण अपघातानंतर नवव्या दिवशी माझ्या मोबाइलवर ई-चलन आलं, गाडी माझ्या नावावर म्हणून. विनाहेल्मेट, तारीख मरायच्या तीन आठवडे आधीची, सोबत फोटो. भावाचा शेवटचा फोटो आमच्याकडे तो आहे. कॅमेऱ्याला त्याचं डोकं दिसलं. चार किलोमीटरवरचा दगड दिसायला कॅमेरा नाही, कारण दगड दंड भरत नाही.

मी भरला. उगाच बाकी नको.

गाडी माझ्या नावावर असल्याने मालक-चालकाचा पंधरा लाखांचा विमाही त्याला लागू नाही. पळून गेलेल्या गाडीने मारलं असतं तर दोन लाख मिळाले असते, पण त्याला गाडीने मारलं नाही, ‘स्वतः घसरून’. वकील म्हणाला, ट्रॉलीचा नंबर आणा. कुठून आणू? ज्या ट्रॉलीचा दगड होता ती तासाभरापूर्वीच कारखान्याच्या काट्यावर लागली असेल, ऊस गव्हाणीत गेला असेल, त्याची साखरही झाली असेल.

तोही तासच होता, अपघातानंतरचा पहिला, ज्याला तुम्ही जाहिरातीत ‘गोल्डन अवर’ म्हणता. रुग्णवाहिका लांब होती. भाजीच्या पिकअपमध्ये टाकून नेलं, कोबीच्या पोत्यांवर. तो पिकअपवाला आधी थांबायला घाबरत होता, पोलिसांचा त्रास होईल म्हणून. मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१६ सालचा, २०१९ पासून तो कायद्यातही आहे, आणि हे त्या माणसाला मी पिकअपच्या हौद्यात भावाचं डोकं मांडीवर घेऊन सांगत होतो. पहिल्या दवाखान्याने ‘पुढे न्या’ म्हटलं. अपघातातल्या जखमीला सात दिवस, दीड लाखापर्यंत विनापैशाचे उपचार, अशी योजना २०२५ मध्ये निघालीये ना? काउंटरवर विचारलं. तिथल्या मुलीने आत विचारलं. आतून ‘डिपॉझिट’ असं उत्तर आलं.

पुढचं लिहीत नाही.

तुम्ही म्हणाल, एका फाट्यावरून सगळ्या खात्याला धरू नका. मग खातं घेऊया. २०१५ साली ब्राझिलियाच्या रस्ता सुरक्षा परिषदेत आपल्या देशाने मान्य केलं की २०२० पर्यंत मृत्यू निम्मे करू. २०२० साली स्टॉकहोमला जाऊन तारीख २०३० केली. २०१५ चे मृत्यू १,४६,१३३ होते, ते २०२२ मध्ये किती झाले ते वर लिहिलंय. आईला दिलेला महिन्याभराचा शब्द कुठल्या शाळेत शिकलात, ते मला तेव्हा कळलं.

सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगत ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही असं सांगितलं. दुकानं हलवायची का? छे, अनेक राज्यांनी महामार्गच हलवले. कागदावर. रातोरात राज्यमार्गाचे शहरी रस्ते झाले. जे सरकार एका सहीने महामार्गाचा साधा रस्ता करू शकतं, त्याला एक खांब उभा करता येत नाही यावर माझा विश्वास बसत नाही.

मोठा माणूस गेला की मात्र चार दिवस कायद्याला जाग येते. गोपीनाथराव मुंडे २०१४ मध्ये दिल्लीत मागच्या सीटवर होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नेते विनायक मेटे एक्सप्रेसवेवर गेले, सप्टेंबरमध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री, तेही मागच्या सीटवर, बेल्टविना. मग मागच्या बेल्टची मोहीम, दंड, बातम्या. तुमच्या त्या सात गाड्यांत मागे बसलेल्या किती जणांनी बेल्ट लावला होता हो? मी बघत होतो. त्या दिवशी दुसरं काही करायला नव्हतं.

आणि होत नाही असं नाही, याचा राग जास्त आहे. त्याच मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०१६ पासून एकेक अपघात उघडून बघितला गेला: कुठे बॅरियरचं टोक भाल्यासारखं पुढे आलंय, कुठे ट्रक कडेला उभे राहतात, कुठल्या काँक्रीटच्या खांबाला काही आडोसा नाही. ते दुरुस्त केलं आणि काही वर्षांत मृत्यू निम्म्यावर आले. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीने कितीतरी गाड्या चिरडल्या, तेव्हा उताराला दोष दिला गेला, नुसत्या ड्रायव्हरला नाही. म्हणजे उतार, वळण, बॅरियर दिसतात तुम्हाला. फक्त ते शहराजवळ हवेत.

मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे नसेल आणि त्याने कुणी मेलं तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. भावाच्या तेराव्याला किती खर्च आला ते सांगत नाही, पण लाख म्हणजे काय ते मला माहीत आहे आणि तुमच्या ठेकेदारालाही. तरी तेवढा तरी लावा. या कलमाखाली राज्यात आजवर किती रुपये वसूल झाले, हा एकच आकडा मी माहितीच्या अधिकारात मागितला होता. अर्ज ‘संबंधित विभागाकडे हस्तांतरित’ झाला. ‘संबंधित’ कोण, हे सांगायला पुन्हा अर्ज करावा लागेल.

मागण्या लिहायला बसलो होतो, त्या इथपर्यंत आल्याच नाहीत. लांबण लावत नाही. आडवा खांब उभा करा आणि त्यावर दिवा लावा. हंगाम सुरू व्हायच्या आत कारखान्याच्या काट्यावर नियम लावा: मागे दिवा आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रिकामी होणार नाही. काटा थांबला की ट्रॉलीमालक दोन दिवसांत लाल पट्ट्या चिकटवतो, बघा. चाकाला लावायला लोखंडी ठोकळा साखळीने ट्रॉलीलाच बांधलेला हवा. मी वेल्डरकडून एक करून घेतलाय, दोनशे ऐंशी रुपयांत झाला. नमुना हवा असेल तर पाठवतो. आणि निकष बदला. एकाच जागी दुसरा माणूस मेला की तिथे इंजिनियर आला पाहिजे, पाचव्याची वाट न बघता.

तोवर मी जातो. दुकान बंद करून रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन फाट्यापासून मोरीपर्यंत चालतो आणि पडलेले दगड उचलतो. कडेला टाकले तर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा चाकाखाली लागतात, म्हणून हातगाडीवर घालून घरी आणतो. ओट्याशेजारी रचले आहेत, गेल्या हंगामातले एकशे चौदा. तुम्ही बसला होता त्या जागेपर्यंत आलेत. पुन्हा याल तेव्हा खुर्ची अंगणात टाकावी लागेल.

यंदा ऊस लवकर आहे. पहिली ट्रॉली मंगळवारी गेली.

आपला,
मोटार रिवाइंडिंगवाला, फाट्याजवळ