दाखल, तुकडी, रणगाडा : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मराठी बातम्यांतील लष्करी शब्दांची गल्लत

महोदय,

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत सुरत, नीलगिरी आणि वाघशीर एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. पहिली विनाशिका, दुसरी फ्रिगेट, तिसरी पाणबुडी. तिघींना सरसकट ‘युद्धनौका’ म्हटले तर ते चूक नाही, पण कोणती कशासाठी बांधली हे वाचकाला कळत नाही.

खरा घोळ ‘दाखल’ या शब्दाचा आहे. ‘सुरत’चे जलावतरण १७ मे २०२२ ला माझगाव गोदीत झाले. जलावतरण म्हणजे सांगाडा पाण्यावर तरंगू लागणे. पुढे यंत्रे, रडार, शस्त्रे बसतात, मग समुद्रात चाचण्या होतात. गोदीने जहाजाचा ताबा नौदलाला दिला २० डिसेंबर २०२४ ला. त्यानंतर कमिशनिंग, म्हणजे नौदलाच्या सेवेत रीतसर प्रवेश. त्या समारंभात जहाजाचा कॅप्टन सेवाप्रवेशाचा आदेश वाचतो, नौदलाचा ध्वज चढतो, डोलकाठीवर अरुंद लांब पताका फडकते आणि तिथून पुढे नावाआधी ‘आयएनएस’ लागते. जलावतरणापासून इथवर ‘सुरत’ला दोन वर्षे आठ महिने लागले. तिन्ही टप्प्यांना ‘नौदलात दाखल’ लिहिले, की एकच जहाज वाचकाच्या हिशेबात तीनदा जमा होते. आपली ताकद किती, याचा लोकांचा अंदाज अशाने चुकतो, म्हणून आम्हाला हे क्षुल्लक वाटत नाही.

‘आण्विक पाणबुडी’चेही तसेच. अणुभट्टीवर चालणारी, की अण्वस्त्र वाहून नेणारी? रशियाकडून भाड्याने घेतलेली ‘चक्र’ अणुशक्तीवर चालत होती, पण तिच्यावर अण्वस्त्रे नव्हती. ‘अरिहंत’ अणुशक्तीवर चालते आणि अण्वस्त्रवाहूही आहे. वाघशीर तर डिझेल-इलेक्ट्रिक आहे. ‘अणुशक्तीवर चालणारी’ आणि ‘अण्वस्त्रवाहू’ असे दोन शब्द वेगळे ठेवले, की प्रश्न मिटतो.

जमिनीवर सर्वाधिक गफलत के-९ वज्रची होते. पट्टे आहेत, वर फिरणारा बुरूज आहे, लांब नळी आहे, म्हणून तिला रणगाडा म्हणतात. ती स्वतःच्या इंजिनावर चालणारी १५५ मिलिमीटरची तोफ आहे. ती डोंगराआडून, न दिसणाऱ्या लक्ष्यावर कित्येक किलोमीटरवरून मारा करते. टी-९० रणगाड्याची तोफ १२५ मिलिमीटरची असते आणि तो समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर थेट डागतो. ‘सीमेवर रणगाडे हलवले’ याचा अर्थ चढाईची तयारी असा घेतला जातो, तर तोफा आघाडीच्या बऱ्याच मागे उभ्या असतात. तणावाच्या दिवसांत या एका शब्दाने घबराट पसरते.

‘तुकडी’ हा शब्द तर दहा जणांनाही चालतो आणि आठशे जणांनाही. पायदळात सेक्शनमध्ये दहाएक जवान, प्लाटूनमध्ये तीसेक, कंपनीत शंभरावर, बटालियनमध्ये आठशेच्या आसपास. महापुरात छपरावर मदतीची वाट पाहणाऱ्या माणसाला ‘तुकडी आली’ एवढे सांगून काय कळणार? आकडा द्यावा. एनडीआरएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दले केंद्रीय गृहमंत्रालयाची आहेत, त्यांना ‘लष्कर’ म्हणू नये. आणि नौदलाचा कॅप्टन हा लष्कराच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, लष्करातल्या कॅप्टनच्या नव्हे. पदाआधी दलाचे नाव लिहिले तरी पुरे.

चुका मुद्दाम होत नाहीत. संरक्षण विभागाचे पत्रक इंग्रजीत किंवा हिंदीत येते, रात्रपाळीच्या टेबलावर दहा मिनिटांत मराठी करावे लागते आणि हाताशी कोश नसतो. ज्या भाषेने आरमार, गोलंदाज, सुरुंग, पाणतीर असे शब्द वापरले, तिच्या बातमीदाराला अशा वेळी अडखळावे लागते, याचे आम्हाला वाईट वाटते.

आमची विनंती मोजकी आहे. भाषा संचालनालयाने मुंबईतील नौदल व लष्कराच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना सोबत घेऊन तीनेकशे शब्दांचा लष्करी कोश करावा. प्रत्येक शब्दापुढे एका ओळीत अर्थ आणि ‘याला हे म्हणू नये’ अशी नोंद असावी. जहाजाच्या तीन टप्प्यांचे शब्द आणि तिन्ही दलांच्या पदांचा समांतर तक्ता त्यात हवाच. कोश युनिकोडमध्ये, मोबाइलवर शोधता येईल असा, विनामूल्य द्यावा. शासनाची स्वतःची प्रसिद्धिपत्रके आधी त्याप्रमाणे निघावीत, वृत्तसंस्था आणि वाहिन्यांना तो त्यानंतर पाठवावा.

आपले,
संरक्षणविषयक मजकुराचे भाषांतर व संपादन करणारे काही मुंबईकर