गळक्या खिडक्या आणि बाहेरची भिंत : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

विषय : रंगकाम सुरू होण्याआधी खिडक्यांची बाहेरच्या बाजूने दुरुस्ती करून घेण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर लागलेली सूचना वाचली. खिडक्यांतून होणारी गळती ही सभासदांची वैयक्तिक बाब असून प्रत्येकाने आपापल्या खर्चाने ३१ मार्चपर्यंत दुरुस्ती करून घ्यावी, त्यानंतर इमारतीला बाहेरून रंग दिला जाईल, असं तीत म्हटलं आहे. यातला अर्धा भाग मला मान्य आहे. काच, पल्ला, बिजागरी, कडी, आतला रंग हे माझं काम आहे आणि मी ते करणार आहे. पण ब विंगच्या पश्चिमेकडच्या खिडक्या आतून कितीही नव्या केल्या तरी पाणी थांबणार नाही. आमच्याकडे ते खिडकीभोवतीच्या भिंतीतून येतं, आणि बाहेरची भिंत सोसायटीची आहे.

माझ्या बेडरूमची खिडकी उदाहरणादाखल घेते. इमारत १९८७ सालची, खिडक्या तेव्हाच्याच लोखंडी, काचा लांबी (पुट्टीसारखा लगदा) भरून बसवलेल्या. उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात चौकटीवरचा रंग फुगलाय. नखाने टोकरलं की पापुद्रे सुटतात आणि तपकिरी भुगा पडतो. तिथलंच बाहेरचं प्लास्टर चौकटीपासून इतकं सुटलंय की फटीत पोस्टकार्ड सहज जातं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. चौकट भिंतीत रोवलेली, तिला फुगायला वाव नाही, म्हणून ती प्लास्टर ढकलते. प्लास्टरला तडा जातो, तड्यातून पाणी शिरतं आणि त्या पाण्याने लोखंड आणखी गंजतं. दर पावसाळ्यात हे थोडं थोडं वाढत गेलं आहे.

त्याहून मोठं दुखणं खिडक्यांवरच्या छज्ज्यांचं आहे. छज्जा भिंतीला मिळतो त्या कोपऱ्यात पाणी साचू नये म्हणून सिमेंटचा गोलसर वाटा दिलेला असतो. आपल्या बहुतेक छज्ज्यांवरचा वाटा उखडला आहे. वर एसीचे पाइप, फुटक्या कुंड्या, कबुतरांची घाण, आणि एके ठिकाणी तर पिंपळाचं रोप मूळ धरून बसलंय. पाणी वाहून न जाता तिथेच साचतं आणि भिंतीत मुरतं. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच असते, ती मागच्या रंगकामात पुट्टी आणि रंगाच्या थरांखाली बुजली. त्यामुळे कडेपर्यंत आलेलं पाणी थेंब होऊन खाली पडत नाही. छज्ज्याच्या पोटाला धरून मागे सरकतं आणि थेट आमच्या खिडकीच्या माथ्यावर उतरतं. आपल्याकडे पावसाचे वारे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात, म्हणून अ विंगच्या पूर्वेकडच्या घरांना हा त्रास जाणवत नाही. समितीतले बहुतेक सदस्य अ विंगचे आहेत, यात कुणाचाच दोष नाही. तरी जुलैत एकदा आमच्याकडे येऊन पाहिलं असतं, तर सूचनेची भाषा वेगळी झाली असती असं मला मनापासून वाटतं.

आतून दुरुस्ती करून काय होतं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने अनुभवलं आहे. त्यांनी दोन वर्षांपूर्वी लोखंडी खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, चांगला खर्च केला. पहिल्याच मोठ्या पावसात खिडकीजवळची गादी भिजली. फिटरने येऊन आतल्या बाजूने सिलिकॉन फिरवून दिलं. बाहेरची फट तशीच राहिली, कारण तिसऱ्या मजल्यावर बाहेरून हात पोचायला त्याच्याकडे परांची नव्हती. आतली वाट बंद झाल्यावर भिंतीत मुरलेलं पाणी दुसरीकडून निघालं, ते स्विचबोर्डाच्या मागून. त्या घरात रांगतं मूल आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी तो बोर्ड बंदच ठेवला होता. एवढे पैसे घालूनही ज्यांच्या भिंतीला ओल आहे, त्यांना ‘आपापल्या खर्चाने दुरुस्ती करा’ असं पुन्हा सांगणं मला योग्य वाटत नाही.

आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीचे नमुना नियम, यावर पुरेसे स्पष्ट आहेत. सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांच्या यादीत इमारतीच्या बाहेरच्या भिंती आहेत, आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळतीही आहे. त्या यादीत न येणाऱ्या दुरुस्त्या सभासदांच्या. दुरुस्ती व देखभाल निधी म्हणून सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के रक्कम आपण मासिक बिलातून भरतोच. हा निधी नेमका अशाच कामासाठी असतो. शिवाय ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर ३ वर्षांनी करायला हवं, असंही उपविधींत आहे. आपलं शेवटचं ऑडिट कधी झालं आणि त्यात छज्ज्यांबद्दल काय म्हटलंय, ते सभासदांना वाचायला मिळावं.

ब विंगच्या जिन्याच्या खिडक्यांबद्दल तर वादाचा प्रश्नच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या खिडकीला काच नाही, तिथे प्लायचा तुकडा ठोकलाय. तिच्या वरच्या खिडकीत तडकलेली काच चिकटपट्टीवर तगून आहे आणि तिच्या बरोबर खाली मुलं सायकली लावतात. साधी काच फुटली की सुरीसारखे लांब तुकडे पडतात. मुलांच्या डोक्यावर ती अशी लटकत ठेवणं धोक्याचं आहे. ही काच उद्याच उतरवून घ्यावी, बाकीच्या कामासाठी थांबू नये. जिन्यात नव्या काचा टफन्ड असाव्यात. त्या फुटल्या तरी बारीक, बोथट खडे होतात. फक्त टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून चौकटी आधी सरळ करून मगच माप घ्यायला सांगा.

आता वेळेबद्दल. रंगकामासाठी परांची बांधली जाणारच आहे. ती उभी असताना खिडक्यांच्या बाहेरची कामं केली तर जास्तीचा खर्च प्रामुख्याने माल आणि मजुरीचा. रंग झाल्यावर हेच काम काढलं तर परांचीचे पैसे पुन्हा मोजावे लागतील, नवा रंगही खरवडला जाईल. म्हणून रंगाच्या कंत्राटदाराच्या दरपत्रकात आधीच ही कामं घालून घ्यावीत : छज्जे साफ करणं, झाडाचं रोप मुळासकट काढणं, सुटलेलं प्लास्टर पाडणं, गंजलेलं लोखंड तारेच्या ब्रशने घासून त्यावर गंजरोधक प्रायमर देणं, तडे उघडून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरणं, चौकट आणि प्लास्टरमधली फट बाहेरून सीलंटने बंद करणं, छज्ज्याला उतार, वाटा आणि पाणी तोडणारी खाच पुन्हा करणं. नव्या प्लास्टरला निदान आठवडाभर पाणी मारायला हवं आणि ते पुरतं वाळल्याशिवाय त्यावर रंग चढवू नये. रंगाऱ्यांनाही बजावून ठेवावं, की सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरून जी बारीक भोकं असतात ती आत साचलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. ती पुट्टीने किंवा रंगाने बुजवू नयेत.

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो असं हवामान खातं सांगतं. पण १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला होता आणि पावसाने आपल्याला जूनची वाट पाहू दिली नव्हती. मेच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्ती संपायची असेल तर दरपत्रकं याच महिन्यात, फेब्रुवारीत, मागवायला हवीत.

एका बाबतीत मी पूर्णपणे समितीच्या बाजूने आहे. काही सभासदांनी परवानगी न घेता बॉक्स ग्रिल बसवली, त्यासाठी छज्ज्यांत भोकं पाडली, दोन ठिकाणी तर छज्ज्याची कडच फोडली. तिथलं पाणी खालच्या घरात उतरतं आणि सोसणारे मात्र दुसरेच असतात. हा खर्च ज्यांनी फोडलं त्यांच्याकडूनच घ्यावा, त्यात माझ्या ओळखीचं घर असलं तरी. तसंच नव्या खिडक्या बसवणाऱ्यांना चौकटीचा एकच रंग आणि ग्रिलचा एकच नमुना ठरवून द्यावा, म्हणजे दर्शनी बाजू एकसारखी राहील. मी स्वतः काम करण्यापूर्वी रीतसर अर्ज देईन.

तरी विनंती अशी, की सध्याची सूचना मागे घेऊन दुरुस्तीची विभागणी लेखी जाहीर करावी : चौकटीच्या आतलं सभासदाचं, बाहेरचं सोसायटीचं. विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण ५ दिवसांची नोटीस पुरते. ती बोलावून खर्चाचा ठराव घ्यावा. सिंकिंग फंडाला (मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीला) हात लावायची वेळ आली तर वास्तुविशारदाचा दाखला लागेल, त्याचीही तयारी त्याच सभेत होईल.

रंग देण्याआधी प्रत्येक खिडकीची पाण्याने तपासणी व्हावी. नळीचं पाणी आधी खिडकीच्या खालच्या पट्टीवर, मग दोन्ही बाजूंवर आणि शेवटी छज्ज्यावर, असं खालून वर दहा-दहा मिनिटं सोडलं की आत ओल कुठून येते ते लगेच कळतं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काहीच उमगत नाही. पहिली तपासणी माझ्या खिडकीची करायला माझी हरकत नाही. शनिवारी-रविवारी मी घरीच असते, पाण्याची लांब नळी माझ्याकडे आहे. समितीतल्या कुणीही एकाने आत उभं राहून पाहावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सभासद
ब विंग, चौथा मजला

प्रत : मा. सचिव आणि मा. खजिनदार