कोरियन मालिकांचे ‘भाग’ नेमके कोणते?

महोदय,

कोरियन मालिकांविषयी मराठीत लिहिताना एपिसोडलाही ‘भाग’ म्हणतात आणि पार्टलाही. मग ‘द ग्लोरी, भाग २’ म्हणजे दुसरा एपिसोड की मालिकेचा उत्तरार्ध, हे वाचकाला कळायचे कसे?

सर्वाधिक घोळ २०१७ ते २०२१ दरम्यानच्या मालिकांत होतो. केबीएस, एमबीसी, एसबीएस या दक्षिण कोरियातल्या अँटेनावर मोफत दिसणाऱ्या वाहिन्यांना कार्यक्रम थांबवून जाहिरात दाखवायला बंदी होती. केबल वाहिन्यांना मात्र मोकळीक. त्यावर वाहिन्यांनी पळवाट काढली. तासाभराचा एपिसोड मधोमध कापायचा, दोन्ही तुकड्यांना वेगळे क्रमांक द्यायचे आणि मधल्या मिनिटात जाहिराती लावायच्या. दोन्ही तुकडे त्याच रात्री लागोपाठ दिसत, पण कागदावर १६ एपिसोडचे ३२ होत. जुलै २०२१ मध्ये बंदी उठली आणि या कापाकापीचे कारणच उरले नाही.

त्या काळातल्या मालिका आजही कुठे १६, कुठे ३२ अशा दिसतात. मूळ नववा एपिसोड म्हणजे तुकडा १७ आणि १८. विषम क्रमांकाचा तुकडा अनेकदा ऐन प्रसंगात तुटतो, कारण तो एपिसोडचा खरा शेवट नसतो. सोळाच्या हिशेबाची सबटायटल बत्तिसाच्या यादीला लावली, तर दुसऱ्या तुकड्यापासूनच संवाद भलतीकडे जातात.

नेटफ्लिक्सवरच्या ‘द ग्लोरी’चे प्रकरण वेगळे. कथा एकच, एपिसोड १६. पहिले ८ आले ३० डिसेंबर २०२२ला, उरलेले १० मार्च २०२३ला. नेटफ्लिक्सची वर्गणी महिन्याची असते, त्यामुळे शेवट पाहायचा तर प्रेक्षक मार्चपर्यंत टिकतो किंवा परत येतो. याला दुसरा सीझन म्हणणे चूकच. ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’चे मात्र खरेच दोन सीझन आहेत, २०२० आणि २०२१ चे, प्रत्येकी १२ एपिसोडचे. ‘स्क्विड गेम’चे दुसरे-तिसरे सीझन (७ आणि ६ एपिसोड) नावाने वेगळे असले, तरी दुसरा बंडाच्या मध्यावरच थांबतो. तो एकटा पाहून कथा अपुरी म्हणणाऱ्यांनी तिसरा जोडून पाहावा.

आपल्याकडे सीझनला ‘पर्व’ रुळलेच आहे. एपिसोडला ‘भाग’ ठेवून पार्टला ‘खंड’ म्हणावे. परीक्षणाच्या चौकटीत एकूण भाग, एका भागाची मिनिटे आणि पुढचा खंड बाकी असल्यास त्याची तारीख छापावी, ही विनंती.

आपले,
काही नियमित वाचक, पुणे