मल्टिमीटर माझ्या हातात देणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

घाईत तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पाटणच्या अलीकडे रस्त्याला लागून पत्र्याचं गॅरेज, दारात टायरांचा ढीग, एवढंच डोळ्यांसमोर आहे. कुणीतरी तुम्हाला हे वाचून दाखवेल या भरवशावर लिहितेय. भर पावसात कुंभार्ली घाटात तीनदा बंद पडून तुमच्या दारात येऊन थांबलेली चिपळूणची पांढरी गाडी आठवते का? तिची मालकीण मी.

त्याआधीचे चार महिने सांगते, म्हणजे मला तुमचं एवढं कौतुक का ते कळेल. चढाला लागलं की इंजिनाचा दिवा लागायचा, गाडी गचके खायची आणि बंद पडायची. सपाटीला आली की पुन्हा शहाणी. सर्व्हिस सेंटरमध्ये तर इतकी गुणी वागायची की मलाच खोटं पडल्यासारखं व्हायचं. त्यांनी आधी क्रँक सेन्सर बदलला, मग थ्रॉटल बॉडी. तिसऱ्या खेपेला स्कॅनरवर पी०६०६ असा कोड आला आणि निकाल लागला: ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला. नवा ३८ हजारांना, शिवाय किल्ल्यांचं कोडिंग वेगळं. कशानं गेला, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, सिस्टिमच दाखवते ना.’ आणि वर, ‘सरांना फोन देता का?’

मी शाळेत विज्ञान शिकवते हो. नववीच्या पोरांपुढे ओहमच्या नियमासाठी दरवर्षी घसा कोरडा करते. पण त्या काचेच्या भिंतीपुढे मुकाट मान डोलावली आणि पैशांची जुळवाजुळव करायला लागले. याची लाज अजून जात नाही.

तुम्ही बॉनेट उघडलंत, आत वाकून पाहिलंत आणि एकच प्रश्न विचारलात, ‘बाई, ही पुरात व्हती का?’

होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा ती बंपरपर्यंत पाण्यात उभी होती. चार महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग तुम्ही मल्टिमीटर काढलात. एक टोक बॅटरीच्या मायनसला अडकवलंत, दुसऱ्याचा दांडा खांद्यावरच्या फडक्यानं स्वच्छ पुसलात आणि माझ्या हातात दिलात. ‘हितं धरा. मी एसी लावतो, पंखा फिरू दे. तुम्ही आकडा वाचा.’

मिस्त्री, मी घरी येऊन रडले ते या दांड्यामुळे. गाडी बरी झाली म्हणून नव्हे.

आकडा ०.०४ व्होल्ट होता. रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि तो १.८ वर गेला, इंजिन थरथरायला लागलं. ‘पॉइंट एकच्या आत पायजे,’ तुम्ही आतूनच ओरडलात. माझ्या डोक्यात आपोआप भागाकार सुरू झाला: पंख्याचे पंधराएक अँपिअर धरले तर रोध जेमतेम ०.१२ ओहम. तो थेट मोजायला गेलं असतं तर साध्या मीटरला पत्ताही लागला नसता. पुराच्या पाण्यानं हिरवा पडलेला अर्थिंगचा एक लग, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे जाणाऱ्या वायरीच्या टोकाचा धातूचा जोड. पंख्याचं आणि ईसीएमचं अर्थिंग त्याच एका बोल्टवर. घाटात इंजिन तापणार, पंखा लागणार, आणि सर्व्हिस सेंटरच्या थंडगार शेडमध्ये यातलं काहीच होणार नाही. मी म्हटलं, मग कॉम्प्युटर खोटं बोलत होता? तुम्ही हसलात. ‘खोटं कशाला बोलंल? त्याच्या पायाखालची जमीनच हलतीया, त्यो काय करणार?’

लग घासून, नवा क्रिंप करून, ग्रीस लावून तुम्ही ३५० रुपये घेतलेत. मी पाचशेची नोट पुढे केली तर दीडशे परत मोजून दिलेत, वर ‘ईसीएम बदलू नका, चांगला हाय’ हे तीनदा बजावलंत.

पूर ओसरून रस्ते मोकळे झाले तेव्हा घाटावरून भाकरी-चटणीची बोचकी घेऊन माणसं आमच्याकडे आली होती. नावं त्यांचीही विचारायची राहिली. चिखलात उभं राहून त्यांनी आमच्या हातात भाकरी ठेवली ती दोन्ही हातांनी, फेकली नाही. तुमच्याकडून निघताना घाट उतरेपर्यंत तीच माणसं आठवत होती. घाटावर ही रीतच असावी, की मीच भाग्यवान, कोण जाणे.

गाडी त्यानंतर सहा वेळा घाट चढली. काढलेला लग तुमच्याकडून मागून घेतला होता, तो वर्गात नेला. पोरांच्या हातात मीटर दिला आणि आकडा त्यांनाच वाचायला लावला. मागच्या बाकावरच्या दोघांनी तासभर सोडलाच नाही.

पाऊस संपला की बोल्ट एकदा दाखवून जा, असं म्हणाला होतात. दिवाळीच्या सुट्टीत येते. येताना दांडा पुसायला चांगलं फडकं आणते, तुमचं पार चाळणी झालंय.

तुमची,
चिपळूणची बाई