वादळ किनारा ओलांडून पुढे जाते, बातमी मात्र किनाऱ्यावरच थांबते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम सुरू झाला की आपल्या दैनिकात आणि इतरही मराठी वृत्तपत्रांत, विशेषतः त्यांच्या संकेतस्थळांवर, बातम्यांचा एक ठरावीक क्रम दिसू लागतो. वादळाला नाव मिळाले की पहिली बातमी येते, त्याची श्रेणी वाढली की दुसरी. ते किनाऱ्याला धडकले की ठळक मथळा, वाकलेली झाडे आणि उडालेली छपरे. आणि दुसऱ्या दिवशी वादळाचा जोर ओसरल्याचे दोन ओळींत सांगून विषय संपवला जातो. या क्रमातच मोठा दोष आहे, असे माझे मत आहे, आणि तो दाखवून देण्यासाठी सप्टेंबर २०२४ मधील ‘हेलीन’ या चक्रीवादळाचे उदाहरण पुरेसे आहे.

माझी भाची सहकुटुंब नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट येथे राहते, त्यामुळे हे वादळ मी अगदी सुरुवातीपासून पाहत होते. २४ सप्टेंबरला कॅरिबियन समुद्राच्या पश्चिम भागात त्याला नाव मिळाले, मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाजवळून ते मेक्सिकोच्या आखातात शिरले आणि तिथल्या तापलेल्या पाण्यावरून जाताना २६ तारखेच्या संध्याकाळपर्यंत एक ते पाच श्रेणींपैकी चौथ्या श्रेणीचे झाले. त्या रात्री ११ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे २७ तारखेच्या सकाळी पावणेनऊच्या आतबाहेर, ते फ्लोरिडा राज्यातील पेरी या गावाजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर होता. फ्लोरिडाच्या या कोपऱ्यावर तेरा महिन्यांत आलेले ते तिसरे चक्रीवादळ होते. जे रहिवासी घर सोडायला तयार नाहीत त्यांनी आपले नाव आणि जन्मतारीख न पुसल्या जाणाऱ्या शाईने हातावर किंवा पायावर लिहून ठेवावी, म्हणजे नंतर ओळख पटवता येईल, असे आवाहन तेथील टेलर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफ कार्यालयाने केले होते. ही बातमी जगभर गेली आणि ती जायलाच हवी होती.

पुढे काय झाले ते मात्र आपल्या वाचकांपर्यंत फार उशिरा आणि फार थोडे पोहोचले. शुक्रवारी सकाळी तिथे उजाडेपर्यंत हेलीन जॉर्जिया राज्यात खोलवर शिरले होते, वाऱ्याचा वेग उतरला होता आणि चक्रीवादळ ही त्याची पदवीही गेली होती. नेमक्या त्याच वेळी, जिथे ते किनाऱ्याला लागले त्या ठिकाणापासून सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला, नॉर्थ कॅरोलायनाच्या अ‍ॅपलाचियन पर्वतराजीतील अ‍ॅशव्हिल शहर आणि त्याच्या आसपासच्या दऱ्याखोऱ्यांतील गावे पाण्याखाली जात होती. या वादळात अमेरिकेत अडीचशेच्या आसपास माणसे दगावली. २००५ च्या कतरीनानंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर इतकी मनुष्यहानी दुसऱ्या कोणत्याही चक्रीवादळाने केलेली नाही. त्यांपैकी शंभराहून अधिक मृत्यू एकट्या नॉर्थ कॅरोलायनात झाले, आणि अ‍ॅशव्हिलपासून समुद्र कित्येक तासांच्या अंतरावर आहे.

डोंगरात इतका पाऊस का झाला, हे घाटमाथ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकाला फार समजावून सांगावे लागणार नाही. बाष्पाने भरलेला वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि अंगावरचे सगळे पाणी तिथेच टाकतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि चिपळूण व महाड बुडाले, त्यामागेही सह्याद्रीचा हाच उतार होता. हेलीनच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडली. वादळ अजून समुद्रात असतानाच त्याच्यापुढे ढकलल्या गेलेल्या बाष्पाने २५ तारखेपासून या डोंगरांत मुसळधार पाऊस सुरू केला होता. जमीन पाणी पिऊन तृप्त झाली होती, ओढे दुथडी भरले होते, आणि मुख्य वादळ त्यानंतर आले. यान्सी काउंटीतील बुसिक येथे तीन दिवसांत सुमारे ७८० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अ‍ॅशव्हिलमधून वाहणाऱ्या फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या महापुराची २३.१ फुटांची खूण ओलांडून २४.६७ फूट गाठले. तिला मिळणारी स्वानानोआ नदी बिल्टमोर येथे २६ फुटांवर गेली, जी १९१६ मध्ये २१ फुटांपर्यंतही पोहोचली नव्हती. डोंगरउतारावरून दोन हजारांहून अधिक दरडी कोसळल्याचे भूवैज्ञानिकांनी पुढे नोंदवले.

हे सारे अनपेक्षित होते का? नव्हते. मायामीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राच्या बातमीपत्रांत वादळ किनाऱ्याला लागण्याआधीच दक्षिण अ‍ॅपलाचियन भागात जीवघेणे पूर आणि दरडी यांचा इशारा स्पष्ट शब्दांत होता, आणि त्या भागातील हवामान कार्यालयाने तर आधुनिक काळातील सर्वांत गंभीर घटनांपैकी ही एक ठरेल असे सांगून ठेवले होते. परंतु इशाऱ्याचा तो परिच्छेद बातमीपत्राच्या खालच्या भागात असतो, आणि बातमी देणारे वरच्या दोन ओळी उचलतात: केंद्र कुठे आहे आणि वाऱ्याचा वेग किती. ज्या एक ते पाच श्रेणींचा आपण सतत उल्लेख करतो, त्या केवळ वाऱ्याच्या वेगावर ठरतात. पाऊस, समुद्राच्या पाण्याची चढ आणि वादळाचा विस्तार यांचा त्यांच्याशी संबंध नाही. वादळाचा अंदाजित मार्ग दाखवणारा नकाशावरचा पांढरा शंकूसुद्धा वादळाचे केंद्र कुठे असू शकेल एवढेच दाखवतो; शंकूच्या बाहेर असलेला माणूस सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे. २०१७ मध्ये ‘हार्वे’ने टेक्सासच्या नेदरलँड गावात दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडला आणि ह्यूस्टन बुडवले, ते चौथ्या श्रेणीवरून घसरून साधे उष्णकटिबंधीय वादळ झाल्यानंतर. एवढा ताजा धडा समोर असताना ‘वादळ दुबळे झाले’ हे वाक्य आपण दिलासा म्हणून छापावे, याचे मला आश्चर्य वाटते.

आता त्या शुक्रवारच्या शांततेविषयी. अ‍ॅशव्हिलच्या परिसरातून दिवसभर बातम्या जवळजवळ येईनाशा झाल्या. वीज गेली, इंटरनेटच्या तंतुवाहिन्या तुटल्या, आणि पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातील सुमारे तीन-चतुर्थांश मोबाइल मनोरे बंद पडले. जगभरच्या हवामानाच्या नोंदी सांभाळणारे अमेरिकेचे राष्ट्रीय केंद्र अ‍ॅशव्हिलमध्येच आहे. तेही जगापासून तुटले. काही ठिकाणी नदीची पातळी मोजणारी यंत्रेच पुरात निकामी झाली. दूरवरून पाहणाऱ्याला वाटावे की फ्लोरिडात प्रचंड नुकसान झाले आणि डोंगरात फारसे काही झाले नाही, कारण फ्लोरिडातून चित्रे येत होती आणि डोंगरातून येत नव्हती. शार्लटहून भाचीचा ‘आम्ही ठीक आहोत’ असा निरोप आला, तेव्हा आमच्या नातेवाइकांनी संपूर्ण राज्यच सुखरूप असल्याचे गृहीत धरले. शार्लट ते अ‍ॅशव्हिल हे अंतर मोटारीने दोन तासांचे आहे, परंतु त्या दिवशी डोंगरात जाणारे महामार्ग ठिकठिकाणी खचले होते आणि आत अडकलेल्यांना आपल्याच शेजारच्या खोऱ्यात काय घडले हे ठाऊक नव्हते. त्यांना बाहेरची माहिती मिळत होती ती रेडिओवरून. अ‍ॅशव्हिलच्या सार्वजनिक नभोवाणी केंद्राने काउंटीच्या अधिकाऱ्यांची निवेदने प्रक्षेपित केली, आणि लोक ती मोटारीतल्या रेडिओवर किंवा शेजाऱ्याच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर ऐकत होते. पाणी कुठे वाटले जात आहे, कोणता रस्ता खुला आहे, याची खात्रीची माहिती तिथून मिळत होती.

ज्यांच्याकडे सगळी साधने होती, त्यांच्याकडे त्याच दिवशी खोट्या बातम्यांचाही सुकाळ होता. नॉर्थ कॅरोलायनातील वॉल्टर्स धरण फुटल्याची बातमी अधिकृत तोंडून निघाली, शेजारच्या टेनेसी राज्यातील न्यूपोर्ट गावाचा मध्यभाग रिकामा करण्यात आला आणि काही वेळाने धरण शाबूत असल्याचा खुलासा झाला. लेक लूर येथील धरण कोणत्याही क्षणी फुटेल असा इशारा होता. त्यावरून पाणी वाहिले, पण ते टिकले. याच वेळी टेनेसीतील अर्विन गावात मात्र रुग्णालयाच्या गच्चीवर पन्नासहून अधिक रुग्ण व कर्मचारी पुराने वेढले गेले होते आणि त्यांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. घडामोडी क्षणोक्षणी देण्याच्या घाईत धरणाची चुकीची बातमी किती वेळा फिरली आणि खुलासा त्यामागून किती दूर पोहोचला, याचा विचार प्रत्येक वृत्तकक्षाने करावा. पुढील आठवड्यांत तर सरकारी मदत म्हणजे केवळ ७५० डॉलर आणि तेही परतफेडीचे, चिमनी रॉक गावाची जमीन खनिजांसाठी बळकावली जाणार, अशा अफवांना ऊत आला. बोटीत कुत्र्याचे पिल्लू कवटाळून रडणाऱ्या मुलीचे एक चित्र लाखो लोकांनी हळहळत पुढे पाठवले, आणि ते संगणकाने बनवलेले होते.

आपल्याकडे अमेरिकेत वार्ताहर नाहीत, वृत्तसंस्थेकडून जे येते ते अनुवाद करून द्यावे लागते, ही अडचण मला मान्य आहे. परंतु चक्रीवादळ केंद्राची बातमीपत्रे दर सहा तासांनी, आणि किनाऱ्याला धोका असताना दर तीन तासांनी, कोणालाही विनामूल्य वाचता येतात. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हजारो नदीमापकांची आकडेवारीही तशीच खुली असते. शिवाय पाण्याची बातमी कशी द्यावी हे मराठी वृत्तपत्रांना कोणी शिकवण्याची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी ओलांडते, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. मी भूगोल शिकवत असताना पावसाळ्यात वर्गात पाठाआधी फुटांचीच चर्चा व्हायची. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी ऐकल्याशिवाय कोणी झोपत नाही. इतकी सवय असलेली आपली वृत्तपत्रे चक्रीवादळाची वेळ आली की वाऱ्याच्या वेगापलीकडे का जात नाहीत, हे कळत नाही.

हा प्रश्न परदेशापुरता असता तर मी एवढे लिहिले नसते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. वादळाने दक्षिणेकडची वाट धरली, मुंबई वाचली, आणि ‘संकट टळले’ या सुरात त्या संध्याकाळच्या बातम्या निघाल्या. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली येथे त्या वेळी विजेचे खांब आडवे झाले होते, मोबाइल बंद होते, आणि नारळी-पोफळीच्या बागा, ज्या उभ्या करायला एक आयुष्य जाते, भुईसपाट झाल्या होत्या. तिथून बातमी येत नव्हती, कारण ती पाठवायला साधन उरले नव्हते. अरबी समुद्रातील वादळांची आपल्या हवामान विभागाची वर्गवारीही वाऱ्याच्या वेगावरच आधारलेली आहे, त्यामुळे ‘तीव्र’ आणि ‘अतितीव्र’ या शब्दांमधूनही घाटात किती पाऊस पडेल हे वाचकाला कळत नाही.

म्हणून आपल्याला काही सुचवावेसे वाटते. ताज्या घडामोडी देताना प्रत्येक नोंदीशेजारी ती माहिती किती वाजताची आहे आणि कोणाकडून आली आहे, हे द्यावे. परदेशातील वादळ असेल तर वेळ भारतीय की स्थानिक, तेही लिहावे, कारण हेलीनच्या सकाळी दोन्ही वेळा एकाच बातमीत मिसळलेल्या मी वाचल्या. ज्या भागाशी संपर्क तुटला आहे त्याचा उल्लेख स्पष्टपणे ‘संपर्क नाही’ असा करावा, त्या भागाला बातमीतून वगळू नये. धरण फुटले, पूल वाहून गेला, अशा बातम्या दोन ठिकाणांहून पडताळल्याशिवाय देऊ नयेत आणि दिल्या गेल्याच तर खुलासा तितक्याच ठळकपणे द्यावा. आणि बातमी किती दिवस द्यायची, हे वादळाच्या आयुष्यावर न ठरवता बाधितांच्या गरजांवर ठरवावे. अ‍ॅशव्हिलच्या पाणीपुरवठ्याच्या मुख्य वाहिन्या पुरात वाहून गेल्या होत्या, जलाशय गाळाने गढूळ झाला होता. शहराला नळाचे पिण्यायोग्य पाणी मिळायला ५३ दिवस लागले, १८ नोव्हेंबर उजाडला. एका संपन्न देशातील शहर जवळजवळ दोन महिने पिण्याचे पाणी बाटल्यांतून आणि टँकरमधून घेत होते, ही बातमी निवडणुकीच्या धामधुमीत मराठीत मला कुठेही सापडली नाही.

अरबी समुद्रात पुढचे वादळ उठेल तेव्हा आपल्या दैनिकाने पहिल्या पानावर वाऱ्याच्या वेगाशेजारी घाटमाथ्यावरील पावसाचा अंदाज आणि वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका या नद्यांची पातळी वेळेसह छापावी, आणि वादळ किनारा ओलांडून गेल्यावरही निदान आठवडाभर ती छापत राहावे, अशी माझी विनंती आहे.

कळावे,
आपल्या दैनिकाची एक नियमित वाचक,
कोल्हापूर