कंदिलाच्या फोटोखाली खर्चही छापा

महोदय,

दसरा झाला, दुर्गामाता दौड संपली आणि गल्लोगल्लीच्या फलकांवर दिवाळीच्या स्पर्धा लागल्या. किल्ला स्पर्धा, आकाशकंदील स्पर्धा, रांगोळी स्पर्धा. बक्षीस मिळालेल्या कंदिलांचे फोटो दरवर्षी आपल्या दैनिकात येतात आणि ते बघून घरातली पोरं तसल्याच कंदिलाचा हट्ट धरतात. माझं म्हणणं त्या फोटोंबद्दल आहे.

मी बेळगावच्या शहापुरात राहते, घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका मंडळाच्या स्पर्धेत पहिला आलेला कंदील जवळून बघितला. सोनेरी लेस, आरशाच्या टिकल्या, ग्लू गननं चिकटवलेले मोती, आत रंग बदलणारी दिव्यांची माळ. काम सफाईचं होतं, खोटं कशाला बोलू? पुढं त्या पोराची आई पिकोला साडी घेऊन आली आणि म्हणाली, "वहिनी, नुसत्या सामानालाच नऊशे गेले बघा. तेवढ्यात तयार दोन आले असते." त्याच स्पर्धेत सातवीतल्या एका पोरानं कामट्यांचा, पतंगी कागदाचा कंदील स्वतः बांधून आणला होता. त्याला उत्तेजनार्थसुद्धा नाही.

घरी केलं म्हणजे स्वस्तात पडलं, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. दुकानातून 'कंदील किट' आणायचं, मग ते पुरत नाही म्हणून लेस आणायची, गोंदाच्या कांड्या आणायच्या आणि शेवटी फोटो काढून 'हँडमेड' म्हणून टाकायचा. यात हाताला काम मिळालं असेल, खिशाला आराम मुळीच नाही. स्वस्त पडायचं तर सामान कच्चं घ्यायला पाहिजे, घरात पडलेलं वापरायला पाहिजे आणि चार घरांनी मिळून घ्यायला पाहिजे.

आपला साधा पैलूदार कंदील घ्या. त्याला सारख्या मापाच्या चोवीस काड्या लागतात. चार-चार काड्यांचे सहा चौकोन दोऱ्यानं बांधायचे. एक वर, एक खाली आणि बाजूचे चार कोपऱ्यावर उभे. कोपऱ्याला कोपरा बांधत गेलं की मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी काडी लागत नाही. पंचविसावी काडी जरा लांब घ्यायची आणि वरच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी बांधायची, तिलाच होल्डर. नऊ इंचांची काडी घेतली तर कंदील फूटभर उंच होतो. आता हिशेब करा : चोवीस नव्वे दोनशे सोळा इंच, म्हणजे अठरा फूट कामटी. वीस फुटी एक बांबू नीट चिरला तर गल्लीतल्या डझनभर घरांचे सांगाडे त्यात निघतात. बांबू बुरुडाकडून अख्खा घ्यावा आणि चिरूनही त्यांच्याकडूनच घ्यावा. आपण कोयता घेऊन बसलो तर काड्या जाड-बारीक होतात आणि बोटंही कापतात. चिरायचे पैसे त्यांच्या हातात पडले तर बिघडलं कुठं?

बांधून झालेला सांगाडा थोडा लुळा असतो. पोरं तिथंच निराश होतात आणि आणखी दोरा गुंडाळत बसतात. तो लुळाच असू द्यावा. कागद तणावून चिकटवला की सांगाडा आपसूक ताठ उभा राहतो.

चिकटवायला गोंदाची बाटली कशाला? मैद्याची खळ करावी. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, नाहीतर गुठळ्या होतात. मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरट रंग जाऊन जरा काचेसारखी दिसायला लागली की उतरायची. झुरळं आणि कसर लागू नये म्हणून आमची आई त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची. ते विषारी असतं, तेव्हा लहान पोरं घरात असतील तर टाकू नये आणि टाकलं तर ते भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. खळ लावायची ती काडीला, कागदाला नाही. पतंगी कागद ओला झाला की बोट लागताच फाटतो. कडेला अर्धा इंच जादा ठेवून कागद काडीवरून आत दुमडायचा आणि सावलीत वाळवायचा.

कागदाचीच गोष्ट घ्या. एका कंदिलाला चार रंग हवे असतील तर चार ताव आणावे लागतात आणि प्रत्येकातला बराच कागद उरतो. आमच्या गल्लीत आम्ही चौघी एकेक रंग आणतो आणि वाटून घेतो. शेजारच्या अक्का मूळच्या बैलहोंगलकडच्या, घरी कानडी. पहिल्या वर्षी त्यांनी दारातूनच विचारलं, "नमगू ओंद आकाशबुट्टी माडि कोड्री." म्हणजे आम्हालाही एक आकाशकंदील करून द्या. मी म्हटलं, करून देणार नाही, पिवळा ताव घेऊन बसायला या. तेव्हापासून पिवळा रंग त्यांच्याकडे. त्यांच्या दिरांचा वडगावला माग आहे. तिथून सुताचे रिकामे कोन आणि तुटकं सूत पिशवीभर येतं, त्याचे गोंडे करून खालच्या चौकोनाला लावतो. दुकानात असल्या गोंड्यांचे जोडीवर पैसे मोजावे लागतात.

कागदाला एक खोट आहे. दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे परतीचा पाऊस एखादा तरी दणका देतोच, आणि पाण्याचे चार थेंब पडले की रंग गळून पांढऱ्या भिंतीवर ओघळतो. म्हणून मी माझ्या दारापुरता कापडाचा करते. ब्लाउजच्या कापडातून गळ्याचा तुकडा निघतो, मुंढ्याचा निघतो. टू बाय टू रुबियाचा असेल तर त्यातून उजेड सुंदर येतो. सहा इंची काड्यांच्या कंदिलाला आठ त्रिकोण या तुकड्यांतून सहज निघतात. चौकोनांना मात्र जरा मोठं कापड बघावं लागतं, जुन्या वॉयलच्या साडीचा पदर चालतो. काडीवरून दुमडून टाका घालायचा, मग साबुदाण्याच्या खळीचा हात द्यायचा. वाळलं की कापड ढोलकीच्या चामड्यासारखं तणतं. दिवाळी झाली की टाके उसवून कापड धुऊन ठेवायचं. आत पूर्वी साठ वॅटचा पिवळा बल्ब लावायचे आणि कागद करपायचा. आता एलईडी फारसा तापत नाही, तेवढी भीती गेली.

घरात इतरही पुष्कळ असतं. खानापूरकडून येणाऱ्या साध्या मातीच्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्या तर तेल कमी पितात, आणि रंग आपला आपण लावता येतो. तालुक्यातल्या ज्यांचं भात आहे त्यांनी लोंब्यांचं तोरण करावं. लोंबी पुरती वाळायच्या आत, देठ हिरवट असताना कापावी, म्हणजे विणताना मोडत नाही आणि दाणेही झडत नाहीत. तोरण चिमण्यांनी खाल्लं तर खाऊ दे. किल्ल्याला तर खरं म्हणजे रुपया लागू नये. दगड, लाल माती, चिखलात बुडवलेलं गोणपाट आणि वर भुरभुरलेली मोहरी. तरी बाजारात साच्यातले रंगवलेले किल्ले येतात आणि आईबाप ते घेतात, येळ्ळूरचा राजहंसगड इतक्या जवळ असताना. पोरांना एकदा तिथं नेऊन आणलं तर बुरूज कुठं असतो आणि दरवाजा कसा वळवलेला असतो ते त्यांना दिसेल. आणि ३१ डिसेंबरला जाळायचा आपला ओल्ड मॅन! फाटकी पँट, बापाचा जुना शर्ट आणि गवत एवढ्यावर उभा राहणारा म्हातारा, तोही आता तयार विकत मिळतो. जाळायचं ते विकत आणायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

कुणी म्हणेल, बायकांच्या वेळेची किंमत कोण मोजणार? प्रश्न रास्त आहे. दिवाळीच्या आधीचे दिवस माझ्या धंद्याचे, मशीनवरून उठायला फुरसत नसते. फराळ, साफसफाई, त्यात हे. म्हणून ही कामं दिवाळीच्या आठवड्यात काढूच नयेत. चार दिवसांवर कोजागिरी आहे. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर त्या रात्री दूध आटत असतं आणि माणसं तशीही जागीच असतात. कुठं तंबोला असतो, कुठं स्पीकरवर गाणी. त्याच रात्री कामट्या आणि दोरा मधे टाकून बसलं तर बारा वाजायच्या आत घरटी एक सांगाडा बांधून होतो, आणि पुरुषांनाही काम लागतं. गाठ मारणं हे काही बायकांचंच काम नव्हे. ट्रकवर माल बांधणारे आमच्या गल्लीतले दोघे माझ्यापेक्षा पक्की गाठ मारतात. कागद नंतर दोन आठवड्यांत ज्यानं त्यानं सवडीनं लावावा.

म्हणून मंडळांना विनंती आहे. स्पर्धेच्या अर्जात एक रकाना वाढवा : सामान कोणतं, कुठून आणलं, किती पडलं. सव्वाशे रुपयांच्या वर गेलेला कंदील वेगळ्या गटात ठेवा, त्याला बक्षीस द्यायला माझी हरकत नाही; पण घरगुती म्हणून जे बक्षीस आहे ते खरोखर घरगुती कंदिलालाच मिळू दे. परीक्षकांनी पोराला समोर बसवून एक चौकोन बांधायला सांगावा, कंदील कुणी केला ते दोन मिनिटांत कळेल. आणि थर्माकोल दिसला की बाद. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी गणपतीच्या मखरात आणि कंदिलावर तो गोळ्या-पट्ट्या होऊन येतोच, आणि बक्षीसही घेऊन जातो.

आपल्याला विनंती एवढीच, की फोटोखाली पोराचं नाव आणि गल्ली छापता त्याच ओळीत खर्चही छापावा. 'खर्च ६० रुपये' असं छापून आलेलं वाचलं की कितीतरी घरांतला हट्ट तिथंच मिटेल, आणि ज्या आईबापांकडे नऊशे नाहीत त्यांना पोरासमोर मान खाली घालावी लागणार नाही.

कोजागिरीला बसायचं ठरवलंत तर बांबूचं आजच सांगून ठेवा. भाताची सुगी तोंडावर आली आहे, सुपं आणि टोपल्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्या की बुरुडांना कामट्या चिरायला वेळ मिळत नाही. आणि कामट्या ओल्या असतील तर बांधण्याआधी दोन दिवस सावलीत वाळवा, नाहीतर काडी आकसते आणि गाठी सैल पडतात.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव